अडीचशे लिटर समुद्र

धुळ्यापासून समुद्र किती लांब आहे, हे सोनलला विचारू नये. ती किलोमीटरमध्ये सांगत नाही, घागरींमध्ये सांगते. देवपुरातल्या तिच्या घरी, पुढच्या खोलीत, गेली सहा वर्षं एक छोटा समुद्र नांदत होता आणि त्यातला थेंबन्‌थेंब तिनं नळाच्या पाण्यातून घडवला होता. पाणी आधी आरओच्या यंत्रातून काढायचं, त्यात समुद्री मीठ मोजून घालायचं, एक अख्खा दिवस पंपानं घुसळायचं, आणि मग काचेच्या टाकीत ओतायचं. त्यात आरओ एक घागर चांगली देतो आणि तीन घागरी पाणी वाया म्हणून बाहेर टाकतो. नळाला पाणी आठव्या दिवशी. असल्या गावात असला शौक करायला माणूस एक तर श्रीमंत लागतो किंवा हट्टी. सोनल श्रीमंत नव्हती.

ती एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासते. लॅबच्या डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी आणून पेशंट बसतात तिथं मांडली होती. सहा महिन्यांत हौस फिटली, मासे एकेक करून मेले, आणि डॉक्टर म्हणाले, टाका फेकून. सोनलनं उरलेले दोन नारिंगी मासे बादलीत घेतले, बादली मांडीवर घेऊन रिक्षानं घरी आली, आणि टाकी मागून हातगाडीवर आणवली. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकली. शिकताना तिच्या हातूनही जीव गेले, ते ती लपवत नाही. पण ते दोन मासे जगले, खडकांवर पोवळी धरली, आणि दोन वर्षांनी मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं थर्मोकोलच्या डब्यात एक ॲनिमोन आला.

दिसतो फुलासारखा, पण आहे प्राणी. खाली एक मांसल पाय, त्या पायानं खडकाला किंवा काचेला घट्ट चिकटून राहतो, आणि वर शेकडो लांब बोटं पाण्यात डुलत असतात. आला तेव्हा वाटीएवढा होता, आता जेवणाच्या ताटाएवढा झालेला. सोनलच्या सासूनं त्याला पाहिल्या दिवशीच नाव ठेवलं, झिपरी. तेच नाव पडलं. दोघं मासे, ज्यांना सासूबाई नवरा-नवरी म्हणत, दिवसभर झिपरीच्या केसांत लोळायचे. झिपरी होती म्हणून बाकी सगळं होतं. ती मेली असती, तर सडून तिनं एका दिवसात सगळी टाकी सोबत नेली असती.

सासूबाई म्हणजे भुरीबाई. गल्लीत सगळे अक्का म्हणतात, सोनलही. अक्का शिंदखेडा तालुक्यातल्या अशा गावच्या, की जिथं पाहुण्याला आधी पाण्याचं विचारत नाहीत, आधी बसायला सांगतात. लहानपणापासून पाणी डोक्यावर वाहिलेली बाई. धुळ्याला येऊन चाळीस वर्षं झाली, तरी घरातल्या पाण्याचा कारभार त्यांच्याच हातात. गच्चीवरच्या टाकीच्या व्हॉल्व्हला त्यांनी कुलूप लावून घेतलं होतं आणि किल्ली कमरेला. नव्या टाकीचं कानावर आलं तेव्हा त्या कडाडल्या.

"मानससले पेवाले आठ दिनमा पानी, आनि ह्या दोन मासासले चार फुटना बंगला!"

सोनलचा नवरा रोहिदास यावर हसला, आणि दोघींनी एकदमच त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा घेऊन गच्चीवर गेला.

पण बंगला हौसेचा नव्हता. जुन्या टाकीचा खालचा सांधा सुटत चालला होता. आधी कोपऱ्यात नुसता ओलावा दिसायचा आणि मिठाची पांढरी रेघ उमटायची. मग खाली बशी ठेवावी लागली, मग वाटी. भरल्या टाकीचा सांधा आतून बुजवता येत नाही, आणि झिपरीला दोन दिवस बादलीत ठेवणं म्हणजे तिला मारणंच. सोनलनं काचवाल्या छगनकडून चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी बनवून घेतली, लोखंडी स्टँडवर मांडली, तळाला वाळू पसरली, नवे कोरडे खडक रचले. पाणी कालवायला तिच्या धाकट्या भावानं, प्रेमराजनं, माहेराहून, असोद्याच्या केळीच्या मळ्यातून, दोन निळे ड्रम आणून दिले. तीन पाणीवारांचं पाणी साठवून साठवून तिनं अडीचशे लिटर समुद्र केला. ज्या दिवशी टाकी भरली, त्या संध्याकाळी काचेवर हळदीकुंकवाची पाच बोटं दिसली. अक्कांचंच काम. सोनलनं फडक्यानं पुसली आणि विसरून गेली.

नव्या टाकीत लगेच जीव सोडायचे नसतात. पाणी पिकावं लागतं, म्हणजे त्यात आणि खडकांत घाण पचवणारे जिवाणू वाढावे लागतात. पाच आठवडे सोनल रोज चाचण्या करत राहिली आणि आकडे वहीत लिहीत राहिली. लॅबमध्ये जेवढी काटेकोर, तेवढीच इथं. पाचव्या आठवड्याच्या शेवटी सगळे आकडे हवे तसे आले. तोवर जुन्या टाकीखाली वाटीच्या जागी पातेलं आलं होतं आणि ते रोज संध्याकाळी काठोकाठ भरत होतं. बुधवारी तिनं परीक्षा म्हणून सहा गोगलगाई आणि दोन झिंगे नव्या घरी पाठवले. रविवारी झिपरीला न्यायचं, असं ठरलं.

गुरुवारी सकाळी सहाही गोगलगाई उताण्या पडल्या होत्या आणि दोन्ही झिंगे वाकडे होऊन मेले होते.

सोनल चहा न पिता टाकीसमोर बसली. खारटपणा बरोबर, तापमान बरोबर, अमोनिया शून्य. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कपाटाच्या तळाशी तांबं तपासायचं एक किट पडून होतं, सहा वर्षांत एकदाही न उघडलेलं. माशांना थोडं तांबं सोसतं. झिंगे, गोगलगाई, पोवळी आणि ॲनिमोन यांना ते विष आहे. परीक्षानळीत तिनं थेंब टाकले, हलवलं, आणि पाणी निळं झालं.

तांबं म्हटल्यावर शेतकऱ्याच्या लेकीला दुसरं काय सुचणार? मोरचूद. केळीवर, भाजीपाल्यावर फवारायचा तो निळा खडा, अस्सल तांब्याचं विष. आणि ड्रम आले होते मळ्यातून. तिनं प्रेमराजला फोन लावला आणि त्याचं 'काय ताई' पुरतं व्हायच्या आत त्याला धारेवर धरलं. तुला शंभरदा विचारलं होतं ड्रममध्ये काय होतं, तू निव्वळ खोटं बोललास, तुला माझं एक काम धड करता येत नाही, लहानपणापासून तुझं हेच.

"ताई, मी काय येडा हाय का?" प्रेमराज म्हणाला. "मोरचूदचा ड्रम तुले देईन का? दोन्ही ड्रम कोरे व्हते. तुह्यासाठीच घेतले व्हते."

"मग तांबं काय आकाशातून पडलं?"

प्रेमराजनं फोन ठेवला. तो कधी फोन ठेवणाऱ्यातला नव्हता.

ड्रममध्ये पाणी बदलायला राखून ठेवलेलं तीस-चाळीस लिटर खारं पाणी अजून होतं. सोनलनं रागारागातच त्यातून नमुना घेतला. पाणी पांढरं स्वच्छ राहिलं. दुसऱ्या ड्रमचंही तसंच. तिनं तिसऱ्यांदा तपासलं आणि तिचे कान तापले. कोणाच्या रक्ताचा रिपोर्ट तिनं असा अर्धवट तपासून दिला असता का? भावाला मात्र एका नळीवरून फाशी दिली. तिनं परत फोन लावला, तो वाजत राहिला.

ड्रममध्ये नाही आणि टाकीत आहे, म्हणजे तांबं टाकीतच आलं होतं. त्या दिवशी तिनं लॅबला सुट्टी टाकली. पंप काढला, उघडून पाहिला. खडक बाहेर काढून एकेक करून न्याहाळले. मग गहू चाळायची चाळण घेतली, बाह्या वर केल्या, आणि तळाची वाळू ओंजळीओंजळीनं चाळायला लागली. उजव्या मागच्या कोपऱ्यात वाळू हिरवट दिसली. त्याच ओंजळीत चाळणीवर काहीतरी खणकलं.

ढब्बू पैसे. जुने, जाडजूड, तांब्याचे. एक नाही, पाच.

अक्का दारातच उभ्या होत्या. सोनलनं चाळण त्यांच्यापुढे धरली.

"हे तुम्ही टाकले?"

"हां, मी टाकं," अक्का म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लपवाछपवी मुळीच नव्हती. "नवं पानी शे. नवा पानीमा तांबं टाकतस. पानी टिकस."

"कोणाला विचारून टाकलेत?"

"तू टाकी आनी तवय माले इचारं व्हतं का?"

सोनलचा पारा आणखी चढला. ती ओरडली. पाच आठवडे फुकट गेले म्हणाली, आठ जीव गेले म्हणाली, माझ्या वस्तूला हात लावत जाऊ नका म्हणाली. अक्का ऐकून घेत राहिल्या. त्यांच्या माहेरी विहिरीला पाणी लागलं की ओटी भरून पाच पैसे पाण्यात सोडत. इथं विहीर नव्हती, पण चाळीस वर्षांत घरात एवढं पाणी एका जागी त्यांनी प्रथमच पाहिलं होतं. नको म्हणत म्हणत त्यांना त्या पाण्याची काळजी लागली होती.

"मना मायना पैसा शेतस त्या," त्या म्हणाल्या. "गाठोडामा एवढाच व्हतात."

सोनल थांबली. तिला एकदम रडू आलं आणि त्याचाही राग आला. ज्या बाईला ती सहा वर्षं टाकीची वैरीण समजत होती, तिनं आईची शेवटची ठेव त्या टाकीला वाहिली होती. आणि त्याच ठेवीनं झिपरी मेली असती. दोन्ही खरं होतं.

अक्कांनी विचारलं, "ती झिपरी मरी जाती का?"

अक्कांना गोड बोलून गुंडाळणं शक्य नव्हतं, आणि सोनलला ते करायचंही नव्हतं. "हो," ती म्हणाली. "रविवारी तिला यात सोडली असती, तर सोमवारी मेली असती. मासेही गेले असते."

अक्कांनी जुन्या टाकीखालचं पातेलं उचललं, भरलं होतं ते, मोरीत रिकामं केलं, आणि परत जागेवर ठेवलं.

"आते काय करनं पडी?"

सोनलनं सांगितलं. सगळं पाणी फेकायचं. वाळू आणि नवे खडकही फेकायचे, कारण त्यांत तांबं मुरलेलं. टाकी लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं तीनदा धुवायची. जुन्या टाकीतले खडक तेवढे न्यायचे, ते पिकलेलेच आहेत, त्यामुळे पुन्हा पाच आठवडे थांबायला नको. पण अडीचशे लिटर नवं पाणी लागणार, म्हणजे आरओला हजार लिटर. नळ येणार सोमवारी. आणि जुन्या टाकीचा सांधा सोमवारपर्यंत थांबेल, याची खात्री छगनसुद्धा द्यायला तयार नव्हता.

अक्कांनी कमरेची किल्ली काढली आणि सोनलच्या हातावर ठेवली. गच्चीच्या टाकीत सहाशे लिटर होतं, ते घरातल्या चार दिवसांच्या पिण्या-वापराचं. त्यातलं शंभर ठेव, बाकी घे, एवढंच त्या म्हणाल्या. आणि डोक्यावर पदर घेऊन, रिकामा हंडा उचलून, त्या गल्लीत उतरल्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. अक्कांनी या गल्लीत कुणाकडे कधी तांब्याभर पाणी मागितलं नव्हतं. उलट शेजारच्या बेबाबाईशी त्यांचं तीन वर्षांपूर्वी पाण्याच्याच पाइपावरून वाजलं होतं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींकडे पाठ करून कपडे वाळत घालत. त्या दिवशी अक्का पहिल्यांदा बेबाबाईच्याच दारात गेल्या. सोनल खिडकीतून बघत होती.

"बेबा, दोन हंडा पानी दे."

बेबाबाई हातातली भाजी तशीच धरून उभी राहिली. "काय झायं अक्का? टाकी फुटनी का?"

"फुटनी नही आजून. पन फुटी. मी चूक करी, आते माले पानी जोयजे."

अक्कांच्या तोंडून चूक हा शब्द गल्लीनं ऐकलेला नव्हता. बेबाबाईनं दोन हंडे दिले आणि तिसरा स्वतः आणून ठेवला. मग अक्कांचं कारभारी डोकं चालू लागलं. आरओनं बाहेर टाकलेलं पाणी पिता येत नसलं, तरी धुण्याभांड्याला चालतं. त्यांनी अंगणात तीन पिंपं मांडली, आरओची वायाची नळी त्यांत सोडली, आणि गल्लीत दवंडी पिटल्यागत सांगत सुटल्या, "हंडा दे, बादली लई जा!" शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस बायका पिण्याचा हंडा आणून ओतत आणि धुण्याची बादली भरून नेत. पाणी फुकट जात नाही म्हटल्यावर कुणाला जड गेलं नाही. रोहिदासनं दोन दिवसांची रजा काढली आणि टाकी लिंबूसत्त्वानं तीनदाच नव्हे, पाचदा धुतली. शनिवारी दुपारी सोनलनं ड्रममधलं शेवटचं पाणी तपासलं. तांबं शून्य. तिनं ते पुन्हा तपासलं, नव्या टाकीत ओतलं, आणि मग प्रेमराजला संदेश पाठवला: 'ड्रम कोरे होते. तांबं घरातूनच पडलं. मी तुला नको ते बोलले. चुकले.' तासाभरानं उत्तर आलं: 'पुढच्या वेळी बादल्या घेऊन ये. ड्रम भेटणार नाही.'

रविवारी सकाळी जुन्या टाकीची धार लागली. थेंब नव्हे, करंगळीएवढी धार. आता थांबायला वेळच नव्हता. सोनलनं जुनं पाणी ड्रममध्ये उपसून घेतलं, खडक उचलून नव्या टाकीत रचले, नवरा-नवरीला जाळीत धरलं आणि सोडलं. उरली झिपरी. ती खडकाला चिकटलेली नव्हती, मागच्या काचेला होती. ओढली तर पाय फाटतो आणि पाय फाटला की संपलं. सोनल वीतभर पाण्यात हात घालून, नखाच्या कडेनं, तांदळाच्या दाण्याएवढा एक कोपरा सोडवायची, थांबायची, मग दुसरा. झिपरी तेवढ्यात पहिला परत चिकटवायची. दोन तास हे चाललं. पाठ भरून आली, बोटं सुरकुतली. रोहिदास म्हणाला, जरा सोड, मी बघतो. ती नाही म्हणाली. पाणी चार बोटं उरलं तेव्हा झिपरी सुटली, सोनलच्या दोन्ही तळहातांवर आली, आणि नव्या पाण्यात गेली.

नव्या पाण्यात तिनं काहीच धरलं नाही. पिळून टाकलेल्या ओल्या मोज्यासारखी ती आकसली आणि खडकांवरून इकडून तिकडे घरंगळत राहिली. जोराचे पंप बंद ठेवावे लागले, नाहीतर त्यांत ओढली गेली असती. नवरा-नवरी तिच्या मागेमागे फिरत होते आणि त्यांना शिरायला जागा सापडत नव्हती. रविवार असाच गेला. सोमवारी सोनलला लॅब चुकवता येईना, रोहिदासची रजा संपलेली. तिनं अक्कांना चालू ठेवलेल्या लहान पंपाचं बटण दाखवलं, झिपरी त्याच्याकडे गेली तर हे दाबून बंद करा म्हणाली, आणि निघाली. अक्का पाटावर बसून काचेला नाक लावून बघत होत्या. नळाला पाणी आलं, तरी उठल्या नाहीत. बेबाबाईनंच त्यांची पिंपं भरली.

लॅबमध्ये त्या सकाळी गर्दी होती. सोनलनं एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर बघून ठेवली, सुई हातात घेतली, आणि तिचा फोन वाजला. पडद्यावर 'अक्का' होतं. अक्का स्वतःहून कुणाला फोन करत नाहीत. त्यांना नंबर लावता येतो, हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली, आजोबांचा पट्टा सोडला, एक मिनिट हं म्हणाली, आणि मन घट्ट करून फोन कानाला लावला.

"धरं वं, सोनल! झिपरीनी धरं! खडकले धरं!"

सोनलनं विचारलं ते नेहमीच्या सवयीनं, तपासून घ्यायच्या.

"नक्की, अक्का? घट्ट धरलंय?"

"मी बोट लाईसन देखं. सुटत नही."

"तुम्ही पाण्यात हात घातलात?"

"मंग काय?" अक्का म्हणाल्या. "मनंच पानी शे ते."